मागचें चाक घसरतें कां?

आषाढ लागला आणि रोवणी सुरू झाली, म्हणजे आरमोरीहून वैरागडाकडे किंवा वडशाकडे जाणाऱ्या डांबरी सडकेचें रूप पालटतें. बांधींतून वर येणारे ट्रॅक्टर आपल्या लोखंडी जाळीच्या चाकांबरोबर ओला गाळ सडकेवर आणतात, त्यावर पावसाची एक सर पडते, आणि सगळीकडे लोण्याचा हात फिरविल्यासारखें होतें. याच दिवसांत आमच्याकडे एक प्रश्न हटकून येतो : मोटारसायकलीचें मागचें चाक घसरतें, तर टायर नवा घालावा काय? आमच्या वाचकांच्या बहुतेक घरीं आतां एक तरी मोटारसायकल आहे. तिच्यावर मुलगा नोकरीस जातो, सून मागें बसते, आणि दोघांच्या मध्यें नातूही असतो. तेव्हां या प्रश्नास थोडें विस्तारानें उत्तर देणें आम्हांस उचित वाटतें.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. बैलगाडीचें चाक केवळ फिरतें. जमीन धरून गाडी ओढण्याचें काम बैलाचे खूर करितात. मोटारसायकलीचें मागचें चाक हें चाकही आहे आणि खूरही आहे. गाडी पुढें रेटणें त्याचें, आणि ब्रेक दाबल्यावर जमीन धरणेंही पुढच्या चाकाबरोबर त्याचेंच. पण हीं दोन्ही कामें तें जमिनीस टेंकलेलें असेल तेव्हांच करूं शकतें. टायरवरील नक्षी कितीही खोल असो, चाक अधांतरीं असलेल्या क्षणीं तिचा उपयोग शून्य.

चाक अधांतरीं जातें तें असें. मुरमाच्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या असतात. चाक लाटेवर चढलें कीं स्प्रिंग दबते, आणि दबलेली स्प्रिंग उसळी मारते. नुसती स्प्रिंगच असती तर गाडी झोपाळ्यासारखी वरखालीं होत राहिली असती. म्हणून स्प्रिंगेच्या पोटांत तेलानें भरलेली नळी बसविलेली असते. तिच्यांतील दट्ट्या वरखालीं होतांना तेल बारीक छिद्रांतून जातें, आणि उसळीचा जोर तेल ढवळण्यांत खर्च होऊन त्याची उष्णता बनते. तेल गळालें म्हणजे स्प्रिंग शिल्लक राहते, तिचा लगाम जातो. लोक समजतात कीं हें सारें कंबरेच्या सुखासाठीं आहे. तरुण मुलगा तर "मला धक्के चालतात" म्हणून दुरुस्ती लांबणीवर टाकतो. धक्का त्यास चालत असेल, चाकास चालत नाहीं. चाक खड्ड्यावरून जमिनीवर परत लवकर यावें आणि तेथेंच रहावें, यासाठीं मुख्यतः ही योजना आहे.

संस्कृतांत चाकाच्या परिघास नेमि, मधल्या तुंब्यास नाभि, कण्यास अक्ष असे नेटके शब्द आहेत. आपला 'आरा' हाही मूळचा 'अर'च. या तेलाच्या नळीस मात्र आम्हांस शब्द सुचेना. मिस्त्री तिला 'शॉकप' म्हणतो आणि ज्या दुहेरी दांड्यांत चाक बसतें त्यास 'चिमटा' म्हणतो. आम्हीही तेच शब्द पत्करले आहेत. चिमटा तर फारच समर्पक आहे.

आमच्या परिचयाचे एक शिक्षक दररोज याच वाटेनें जातात. ब्रेक दाबतांच गाडीचें मागचें अंग एका बाजूस सरके. एका दुकानदारानें टायर बदलून दिला. आठ दिवसांत तेंच. दुसऱ्यानें शॉकपच्या बुडाची खांच शेवटपर्यंत चढवून "आतां कडक झालें" असें सांगितलें. चाक अधिकच उडूं लागलें. एके सायंकाळीं सपत्नीक परततांना गाडी पुलाजवळ आडवी झाली. पत्नीच्या मनगटाचें हाड मोडण्यावर निभावलें. मागून मालमोटार येत नव्हती एवढेंच दैव. पुढें गांवांतील एका वृद्ध मिस्त्रीकडे गाडी नेली. त्यानें नव्या टायराकडे पाहिलेंही नाहीं. उजव्या शॉकपच्या दांड्यावर बोट फिरविलें, तों बोटास काळें तेल व धूळ लागली. मग जुना टायर मागवून त्यानें तो फिरवून दाखविला. कडेला थोड्या थोड्या अंतरावर खळगे पडले होते. "टायर बिघडला नव्हता गुरुजी," तो म्हणाला, "टायरानें चहाडी केली होती, कोणीं ऐकली नाहीं."

हा विषय एकट्या आरमोरीचा नाहीं. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत जोसेफ-आर्मां बोंबार्दिए नांवाचे यंत्रज्ञ बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या खटपटींत होते. १९३४ च्या हिंवाळ्यांत त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आंत्रपुच्छाच्या विकारानें आजारी पडला. रस्ते बर्फानें बंद असल्यामुळें त्यास रुग्णालयांत नेतां आलें नाहीं आणि तो वारला. पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा रस्ता तुटलेला ज्यांनीं अनेक पावसाळ्यांत पाहिला, त्यांस ही कथा परकी वाटूं नये. पुढें १९३७ मध्यें बोंबार्दिए यांस दात्यांच्या चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याचें पेटंट मिळालें, आणि सात माणसें बसतील अशी त्यांची गाडी विक्रीस आली. गुलमर्गास गेलेल्या वाचकांनीं याच जातीच्या लहान गाड्या पाहिल्या असतील. तींत मागच्या चाकाऐवजीं लांब पट्टा असतो, आणि तेथील दुरुस्तीचा पहिला प्रश्न हाच कीं पट्टा बर्फावर सारखा टेंकतो कीं नाहीं. मागील स्प्रिंगा फार ताठ असल्या तर भार पट्ट्यावर नीट उतरत नाहीं. पट्टा फार ताणला तर इंजिनाची शक्ति फुकट जाते, ढिला सोडला तर दात्यांवरून उड्या मारतो. बर्फ असो कीं बांधीचा गाळ, विचार एकच.

आतां घरच्या घरीं करावयाची पारख. गाडी सरळ उभी धरून मागचें आसन दोन्ही हातांनीं जोरानें दाबावें आणि सोडावें. तें एकदां वर येऊन स्थिर झालें तर शॉकप ठीक. दोनतीन हेलकावे घेतले तर तेल गेलें असें समजावें. दाबतांना अडखळलें तर दांडा वांकला असण्याचा संभव आहे. नंतर गाडी डबल स्टँडवर चढवून टायर आडवा हालवावा. चिमटा स्थिर असून चाकच हालत असेल तर बेरिंग पहावें. चाकाबरोबर चिमटाही हालत असेल तर त्याचे बुश झिजले. या दोन दोषांची गल्लत नेहमीं होते आणि बेरिंगाचे पैसे व्यर्थ जातात. शॉकप बदलावयाचे ते जोडीनेंच. एक नवा व एक जुना ठेवला म्हणजे दोन्ही अंगांचा जोर विषम होऊन चिमटा पिळला जातो. ज्या गाड्यांस मधोमध एकच शॉकप असतो, त्यांपैकीं कांहींत दाबलेला वायु भरलेला असतो. तो घरीं उघडण्याचें धाडस कोणीं करूं नये.

खांचेविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. खांच चढविल्यानें स्प्रिंग अधिक भार पेलूं लागते, गेलेलें तेल परत येत नाहीं. शॉकप चांगला असून दोघे बसल्यावर खड्ड्यांत ठो असा आवाज येत असेल, तर एक खांच चढवावी, दोन्ही बाजूंस सारखी. रविवारीं सहकुटुंब देवदर्शनास जाण्यासाठीं चढविलेली खांच सोमवारीं एकट्यानें जातांना उतरवावी, हें मात्र शंभरांत पांच जणही करीत नसतील. हवेचेंही तसेंच. गाडीच्या पुस्तिकेंत एकट्यासाठीं व दोघांसाठीं निरनिराळे आकडे दिलेले असतात. पंपवाला एकच भरतो, आणि फाजील फुगलेला टायर जमिनीवर थोडाच टेंकतो. टायरच्या खांचांतील लहान उंचवट्यांपर्यंत रबर झिजलें असेल तर मात्र टायर बदलण्यास पर्याय नाहीं.

सांखळीकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. चिमट्याची खीळ आणि इंजिनाकडील दांतेरी चाक हीं एका केंद्रावर नसतात. म्हणून भार पडून चिमटा वर आला कीं सांखळी ताणली जाते. ती आधींच ताठ असेल तर चिमट्यास हालूं देत नाहीं, आणि चांगला शॉकपही निकामी असल्यासारखा वागतो. पुस्तिकेप्रमाणें ढील ठेवावी आणि दोघांस वर बसवून ती थोडी तरी उरते हें बोटानें पहावें. चाक मागेंपुढें करतांना चिमट्याच्या दोन्ही अंगांवरील खुणा सारख्या जुळवाव्यात, नाहींतर चाक तिरपें चालतें.

रोवणीच्या दिवसांत घरीं परतल्यावर शॉकपच्या दांड्यावरचा गाळ ओला असतांनाच पाण्यानें धुवावा. वाळलेला गाळ दांड्याबरोबर आंत ओढला जाऊन रबरी सील कापतो, आणि तेल तेथूनच गळूं लागतें. खरडून काढूं नये. सांखळीस तेल देतांना चाकावर व ब्रेकवर थेंब उडणार नाहीं, एवढें मुलांस बजावावें.