तडजोड हवी, दलाली नको

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीने गांजलेल्या मध्यमवर्गीय गृहस्थाला आजकाल दोन तऱ्हेचे उपदेशक भेटतात. एक नीतीच्या नावाने बोलतो: घेतलेले कर्ज पैन्‌पै फेडलेच पाहिजे, सूट मागणे हे नादानीचे लक्षण, वेळ पडल्यास घरातले दागिने मोडा, परंतु धनकोपुढे पदर पसरू नका. दुसरा करुणेच्या नावाने बोलतो, आणि बहुधा मोबाइलवरील जाहिरातीतून बोलतो: आजपासून बँकेला एक छदामही देऊ नका, दरमहा ठरावीक रक्कम आम्ही सांगू तशी बाजूला टाका, आम्ही तुमचे देणे निम्म्यावर आणून देतो. दोघांच्याही बोलण्यात सत्याचा थोडाबहुत अंश असल्यामुळेच गांजलेला मनुष्य त्यांना भुलतो. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपाद्य एवढेच की, ऋणात सवलत मागण्यात अधर्म मुळीच नाही. मात्र जिची पहिली अट हप्ते थकविणे ही आहे आणि जिचा पहिला वाटा मध्यस्थाच्या पदरात पडतो, अशा सवलतीला कर्जमुक्ती म्हणता येत नाही.

प्रथम नीतिवाद्यांचा पूर्वपक्ष घेऊ. त्यांचे म्हणणे असे की, ऋण हे वचन आहे, वचनात वजावट नसते, आणि एकदा सूट मिळालेला मनुष्य पुढे प्रत्येक व्यवहारात सूटच मागू लागतो. हे ऐकावयास भारदस्त असले तरी या भूमीच्या व्यवहारधर्माशी जुळत नाही. आपल्या धर्मशास्त्राने ऋण फेडणे हे कर्तव्य मानले, परंतु त्याच शास्त्राने दामदुपटीचा नियम घालून धनकोच्या हक्कालाही सीमा आखली. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये, हा तो नियम मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही इंग्रजी अमदानीत मान्य केला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कर्जबाजारी कुणब्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल करून कर्जरोखे आणि वह्या जाळल्या, तेव्हा सरकारने दंगेखोरांना शिक्षा केल्या हे खरे. तथापि चौकशीअंती १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा जो कायदा झाला, त्याने न्यायाधीशाला रोख्यावरील आकड्यापाशी न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार दिला, हप्ते बांधून देण्याची मुभा दिली, सावकाराला पावती व हिशेब देणे भाग पाडले, देण्यापायी होणारी कैद बंद केली, आणि दावा लागण्यापूर्वीच समेट घडवून आणण्यासाठी सलोखेकारांची योजना केली. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. हिशेब तपासून दिलेली सवलत ही अनीती असेल, तर त्या अनीतीत महाराष्ट्रातील अत्यंत नीतिमान पुरुष सहभागी होता, असे म्हणण्याची पाळी येईल.

यावर नीतिवादी म्हणेल की, १८७५ चा कुणबी निरक्षर होता. आजचा कार्डधारक पदवीधर आहे आणि त्याने अटींवर डोळसपणे सही केली आहे. या आक्षेपाला उत्तर अंकगणिताने देणे बरे. एका कार्डावर एक लाख रुपयांची बाकी आहे आणि व्याजाचा दर दरमहा शेकडा साडेतीन आहे असे धरू. हा दर आज कित्येक कार्डांवर प्रत्यक्ष लागतो. महिन्याचे व्याज ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे वस्तू व सेवा कर ६३० रुपये, एकूण ४,१३० रुपये. पत्रकावर ठळक छापलेली ‘किमान देय रक्कम’ बाकीच्या पाच टक्के, म्हणजे ५,००० रुपये असेल, तर ती वक्तशीरपणे भरणाऱ्याच्या मुद्दलातून महिनाअखेर ८७० रुपये तेवढे कमी होतात. शिवाय मागील बाकी पुरती न फिटल्यामुळे नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदत त्याने गमावलेली असते, ती वेगळीच. नीतिवादी ज्याची पाठ थोपटतो तो मुदतीत पैसे भरणारा, तगाद्याची वेळ येऊ न देणारा सद्‌गृहस्थच या व्यवस्थेत सर्वांत दीर्घकाळ ऋणी राहतो.

आणि कायद्याचे छत्र? सावकारी कायद्याने खासगी सावकाराच्या व्याजाला मर्यादा घातली, परंतु बँकांना त्यातून वगळले. बँकिंग नियमन कायद्यात १९८४ साली घातलेल्या कलम २१-अ ने तर बँकेचे व्याज भारी आहे एवढ्या कारणावरून व्यवहार पुन्हा उकलण्यास न्यायालयांना मनाई केली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डाच्या थकबाकीवर सालिना ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारप्रथा ठरविली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. म्हणजे सुप्याच्या कुणब्याच्या नातवापणतवांना जे संरक्षण मिळाले, ते कार्डधारकाला नाही. दुसरीकडे रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी परिपत्रक काढून तडजोडीने खाती मिटविण्यासाठी प्रत्येक बँकेने संचालक मंडळाच्या संमतीने धोरण ठरवावे, असा दंडक घातला आहे. धनको ज्या तडजोडीला आपल्या दप्तरात रीतसर जागा देतो, तिची याचना करताना ऋणकोने मात्र मान खाली घालावी, हा कोठला न्याय?

येथवर नीतिवाद्यांचे खंडन झाले. याचा अर्थ दुसऱ्या उपदेशकाचे मंडन झाले, असा मात्र नव्हे.

कर्जतडजोड करून देणाऱ्या कंपन्यांचा पक्ष त्यांच्याच शब्दांत प्रामाणिकपणे मांडू. त्या म्हणतात: एकटा ऋणको घाबरलेला असतो, वसुलीवाल्यांच्या फोनांनी त्याची झोप उडालेली असते, शाखेत गेला तर त्याला कोणी दाद देत नाही, खाते नियमित आहे तोवर बँक सूट देत नाही, आम्ही अशी शेकडो खाती हाताळतो, आम्हांला भाव कळतो. यांतील भीती खरी, शाखेतील अनास्था खरी, आणि नियमित खात्याला सूट सहसा मिळत नाही हेही खरे. परंतु या सत्यांमधून ‘भरणे थांबवा’ हा जो निष्कर्ष काढला जातो, त्याची किंमत कोण मोजतो, ते पाहिले पाहिजे.

दोन लाखांची बाकी असलेल्या एका गृहस्थाने हा सल्ला मानून बारा महिने काहीच भरले नाही असे धरू. दरमहा साडेतीन टक्क्यांच्या चक्रवाढीने मुद्दल-व्याज मिळून सुमारे ३,०२,००० रुपये होतात; व्याजावरील कर सुमारे १८,४०० रुपये; विलंबशुल्क हिशेबात न धरताही आकडा ३,२०,००० च्या पुढे जातो. आता कंपनीने दिलेला शब्द पाळून हे देणे निम्म्यावर आणले, तर बँकेला १,६०,००० रुपये द्यावे लागतील. कंपनीने मूळ कर्जाच्या १५ टक्के मेहनताना घेतला असे मानले, तर तो ३०,००० आणि त्यावरील कर ५,४०० रुपये. बेरीज १,९५,००० च्या वर जाते. ज्या दिवशी त्याने जाहिरात वाचली, त्या दिवशी त्याचे देणे दोन लाख होते! ‘निम्मी माफी’ या शब्दांनी एका वर्षात त्याचे पाच हजार रुपयेसुद्धा वाचविले नाहीत. आणि त्या बदल्यात त्याने वर्षभराचा तगादा सोसला, दाव्याचा धोका पत्करला आणि पतही गमावली. सूट वाढलेल्या बाकीवर मोजली जाणार की मूळ मुद्दलावर, हा प्रश्न जाहिरातीत कोठेही विचारलेला नसतो, आणि सारा लाभालाभ तर त्याच प्रश्नावर अवलंबून असतो.

पत गमावण्याचा मुद्दाही विस्ताराने सांगण्यासारखा आहे. तडजोडीने मिटलेले खाते पतमाहिती कंपन्यांच्या नोंदीत ‘सेटल्ड’ म्हणून उमटते. पुरते फिटलेल्या खात्याप्रमाणे ‘क्लोज्ड’ म्हणून नव्हे. ही नोंद कित्येक वर्षे राहते, आणि घरासाठी कर्ज मागावयास गेलेल्या कुटुंबाला तिचा अर्थ खिडकीपाशी कळतो. वर उल्लेखिलेल्या परिपत्रकानुसार, शेतीकर्ज सोडून इतर तडजोडींत, सूट देणारी बँक त्या ऋणकोला किमान बारा महिने नवे कर्ज देऊ शकत नाही. तडजोड निषिद्ध आहे असा याचा अर्थ नाही. परंतु ती करताना कोणता मोबदला आपण देत आहोत, हे ऋणकोला आधी ठाऊक असले पाहिजे, आणि हे सांगणे ज्याच्या धंद्याच्या मुळावर येते तो मध्यस्थ ते सांगत नाही.

राहिला संरक्षणाचा दावा. ‘आमच्याशी करार झाला की वसुलीवाले तुम्हांला छळणार नाहीत’ असे सांगितले जाते. पण कंपनीशी केलेला करार बँकेवर बंधनकारक कसा होईल? छळाविरुद्धचे जे नियम आहेत ते मेहनताना न देताही लागू आहेत. सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये, धमकावू नये, नातेवाइकांत नाचक्की करू नये, अशी ताकीद रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये दिलेली आहे. तुरुंगाची भीतीही बहुतांशी निराधार आहे: केवळ दारिद्र्यामुळे देणे न फेडू शकणाऱ्याला दिवाणी कैदेत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केले. मात्र दिलेला धनादेश न वटल्यास फौजदारी कारवाई होऊ शकते. तेव्हा खात्यात रक्कम नसता धनादेश देण्याचा मोह टाळावा. हुकूमनामा झालाच, तरी पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीपासून मुक्त असतात. ही माहिती फुकट मिळण्याजोगी असताना ती विकत घ्यावी लागते, एवढ्यावरच मध्यस्थाचा धंदा चालतो. अमेरिकेत हा धंदा आपल्याकडच्याहून जुना. तेथे संघीय व्यापार आयोगाने २०१० साली, फोनवरून गिऱ्हाईक मिळविणाऱ्या अशा कंपन्यांना एखादे तरी देणे प्रत्यक्ष मिटल्याखेरीज मेहनताना घेण्यास बंदी केली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये कर्जमाफीची प्रमाणपत्रे विकणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा दिला, परंतु इशारा म्हणजे कायदा नव्हे.

मग कर्जबाजारी मनुष्याने करावे काय? सिद्धान्त असा की, उपायांना क्रम असतो, आणि खालचा उपाय संपल्यावाचून वरच्याला हात घालू नये. कार्डाचा वापर त्याच दिवशी बंद करून सर्व बाक्या, दर आणि तारखा एका कागदावर मांडणे हा पहिला. दुसरा, उत्पन्न चालू आहे तोवर महाग कर्जाच्या जागी स्वस्त कर्ज आणणे: तेच दोन लाख सालिना १६ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जावर तीन वर्षांसाठी फिरविले, तर हप्ता सुमारे ७,०३० रुपये आणि एकूण भरणा सुमारे २,५३,००० रुपये होतो, मुदत ठरलेली, शेवट दिसणारा, आणि पत अबाधित. कार्डाची बाकी त्याच बँकेकडून हप्त्यांत बदलून घेणे किंवा सोने मोडण्याऐवजी तारण ठेवणे हे याच पायरीवरचे उपाय होत. तिसरा, नोकरी गेली वा आजार आला, तर खाते थकण्यापूर्वीच पुराव्यासह बँकेला लेखी अर्ज देणे. तीस दिवसांत दाद मिळाली नाही किंवा उत्तर असमाधानकारक आले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. चौथा, फेडणे खरोखरच आवाक्याबाहेर गेले असेल तेव्हा तडजोड, तीही बँकेशी थेट: बँकेच्या अधिकृत पत्रावर रक्कम, मुदत आणि ‘यापुढे काही येणे नाही’ हे शब्द आल्याखेरीज पैसा देऊ नये, आणि पैसा दिल्यावर बेबाकीचा दाखला घेतल्याखेरीज फाईल मिटवू नये. प्रकरण लोकअदालतीत नेले तर आणखी उत्तम. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्यान्वये तेथील निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते.

येथे एक आक्षेप उरतो, आणि तो रास्त आहे. ज्याच्याजवळ स्वस्त कर्जाची पात्रता नाही, तडजोडीची एकरकमी रक्कमही नाही, त्याने कोठे जावे? त्याच्यासाठी नादारीचा कायदा आहे, पण तो मुंबई शहरात १९०९ चा आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत सामान्य व्यक्तीला नवी सुरुवात करू देणारे प्रकरण लिहिले गेले, परंतु ते अजून अमलात आणलेले नाही. आणि उद्या आणले तरी त्यासाठी वार्षिक उत्पन्न ६०,००० आणि कर्ज ३५,००० रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे शहरातील कार्डधारकाला ते दार बंदच. राज्यसंस्थेने मोकळी सोडलेली ही जागाच दलालांनी व्यापली आहे.

म्हणून मागणी दुहेरी असली पाहिजे. सरकारने ते प्रकरण आजच्या काळाला शोभणाऱ्या मर्यादांसह अमलात आणावे, प्रत्येक जिल्ह्यात १८७९ च्या सलोखेकारासारखा निःशुल्क आणि अधिकृत समेटकर्ता बसवावा, आणि मध्यस्थांना काम होण्यापूर्वी मेहनताना घेण्यास मनाई करावी. आणि ऋणको वाचकाने, हे होईपर्यंत, सवलत मागण्याची लाज सोडावी. बँकेच्या टेबलापाशी स्वतः बसावे, लेखी बोलावे, लेखी उत्तर मागावे. आणि भरणे थांबविण्याचा सल्ला देणाऱ्या कोणाच्याही करारावर सही करू नये.