ठिकाण आणि गाव

मराठीत 'थंड हवेचे ठिकाण' असा शब्दप्रयोग रूढ आहे. 'थंड हवेचे गाव' असे सहसा कोणी म्हणत नाही. ठिकाणाला भेट द्यायची असते आणि गावात राहायचे असते, हा भेद भाषेने नकळत नोंदवून ठेवला आहे. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या, विशेषतः अध्यापन-लेखन करणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात महाबळेश्वर-पाचगणीसारख्या गिरिस्थानी कायमचे राहायला जाण्याचा बेत वारंवार डोकावतो. या बेताचे फायदे-तोटे मांडताना हवा, शांतता, दवाखाना आणि जागेचे भाव यांचा हिशेब केला जातो. तो करावाच, परंतु त्याआधी आपण ठिकाणी जाणार आहोत की गावात, हे ठरवणे आम्हांला अधिक निकडीचे वाटते.

महाबळेश्वरात हा भेद इतिहासातच आहे. कृष्णेच्या उगमाचे क्षेत्र महाबळेश्वर हे जुने गाव. देवळाच्या आणि यात्रेकरूंच्या आधाराने ते शतकानुशतके नांदत आले. 'ठिकाण' मात्र इंग्रजांनी वसवले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून ही जागा मिळवली आणि नव्या वसाहतीला माल्कम पेठ हे नाव मिळाले. उन्हाळ्यात वर यावे आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी खाली उतरावे, हा त्या वसाहतीचा क्रम होता. अर्थात, जिथे आपण कायमचे जाऊ म्हणतो ती वसाहत मुळात वेळ झाली की निघून जाणाऱ्यांसाठी रचलेली आहे. आजही तिचा बाजार, तिचे भाव आणि तिचे रस्ते पाहुण्यांच्या सोयीनेच चालतात.

लाभ खरे आहेत. ते नाकारण्यात अर्थ नाही. सुमारे १३७० मीटर उंचीवरची हवा, चैत्र-वैशाखातही घराबाहेर पायी हिंडता येणे, रात्रीची निःशब्दता, आणि वाचन-लेखनाला हवा असणारा सलग वेळ यांचे मोल शहरात राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. पाचगणीच्या निवासी शाळांमुळे शिक्षकांना तेथे समव्यवसायी सोबतही मिळू शकते.

अडचणींचे मूळ बहुधा पावसात असते. महाबळेश्वरात वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. पुण्यात ज्याला चांगला पाऊस म्हणतात, त्याच्या कित्येक पट हा पाऊस आहे. भिंतींना ओल धरते, कपडे वाळत नाहीत, वीज जाते, घाटात दरड कोसळली की वाट बंद होते. ग्रंथसंग्रह घेऊन जाणाऱ्याने पुस्तकांना बुरशी लागणार हे गृहीत धरावे. गंभीर आजारात घाट उतरून वाई किंवा सातारा गाठावे लागते. सत्तरीनंतर हा प्रवास हवेच्या सगळ्या गुणांवर मात करू शकतो. पाऊस सरला की सुट्ट्यांचे दिवस येतात, आणि घरापासून बाजारापर्यंतचे अंतर मोटारींच्या रांगेत मोजावे लागते.

तथापि याहून मोठा प्रश्न मनोवृत्तीचा आहे. अनिता देसाई यांच्या 'फायर ऑन द माउंटन' (१९७७) या कादंबरीतील नंदा कौल कसौलीच्या बंगल्यात याच एकांतासाठी राहते. तिला कोणी यायला नको आहे, कोणाचे पत्रही नको आहे. परंतु डोंगर तिच्यासाठी रिकामा केलेला नाही. तिची मैत्रीण इला दास भोवतालच्या खेड्यांत समाजकल्याणाचे काम करते, एका लहान मुलीचे लग्न थांबवू पाहते आणि त्यापायी तिचा भीषण अंत होतो. ज्या गावाकडे नंदा कौलने पाठ फिरवली, त्या गावाची वार्ता शेवटी तिच्या घरात येतेच. उलट रस्किन बाँड गेली साठाहून अधिक वर्षे मसुरी-लँडूर परिसरात राहिले आणि तेथील दुकानदार, शाळकरी मुले, टपालवाले, झाडे आणि पाखरे यांनी त्यांचे लेखन भरून गेले. दोघांचा डोंगर एकाच हिमालयाचा. वेगळे आहे ते शेजाऱ्यांशी असलेले नाते.

आपल्याकडेही असेच दिसते. ८२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २००९ मध्ये महाबळेश्वरात भरले. निर्वाचित अध्यक्ष आनंद यादव यांना 'संतसूर्य तुकाराम'वरील वादात पद सोडावे लागले, आणि संमेलन त्या वादासाठीच लक्षात राहिले. साहित्य तेथे पाहुणे म्हणून आले आणि निघून गेले. २०१७ मध्ये जवळच्याच भिलारला 'पुस्तकांचे गाव' आकाराला आले तेव्हा स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावकऱ्यांनी स्वतःच्या घरांत पुस्तकांना जागा दिली. त्या उपक्रमाच्या नावात 'गाव' हा शब्द आहे, तो आम्हांला सार्थ वाटतो. मराठी विश्वकोशाचे दीर्घकालीन काम घाटाच्या पायथ्याशी, वाईसारख्या नांदत्या गावात झाले, हेही विसरू नये. व्यासंगाला थंड हवेपेक्षा अशा वस्तीचा आधार अधिक लागत असावा.

शिवाय आपल्या जाण्याने त्या जागेचे काय होते, हाही विचार हवा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहे. बांधकामावरील निर्बंध जाचक वाटतात खरे, पण ज्या रानासाठी आपण तिथे जातो ते त्यांच्यामुळेच काही अंशी टिकले आहे. वर्षाचे दहा महिने कुलूपबंद राहणारा प्रत्येक बंगला जमिनीचा भाव वाढवतो आणि स्थानिक तरुणाचे घर त्याच्या आवाक्याबाहेर नेतो. सुट्टीपुरत्या येणाऱ्या घरमालकापेक्षा कायम राहणारा रहिवासी गावाला नक्कीच बरा. मात्र त्याने खरोखर राहिले पाहिजे.

म्हणून आमचे मत असे, की जाऊ इच्छिणाऱ्याने जरूर जावे, पण घर विकत घेण्यापूर्वी एक अख्खा पावसाळा तेथे भाड्याने काढावा. पर्यटक नसतात, दुकाने अर्धी मिटलेली असतात, धुक्यात समोरचे झाड दिसत नाही, अशा दिवसांत कोणाशी बोलावेसे वाटते आणि आपल्याशी कोण बोलते, ते पाहावे. आषाढात ज्याला तेथे शेजारी मिळाले, त्याने उरलेले आयुष्य तेथे काढण्यास हरकत नाही. ज्याला केवळ हवा हवी आहे, त्याने मे महिन्यात आठ दिवस जाऊन यावे. त्यात कमीपणा काहीच नाही.