अमेरिकेंतील लहान कॉलेजें आणि आपलीं घरें

दरसाल पावसाळा ओसरूं लागला म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय हटकून डोकावतो. मुलगी अगर मुलगा बारावीच्या वर्गांत आहे, पुढें शिकावयास अमेरिकेस जाण्याचा बेत आहे, आणि जीं नांवें त्यांच्या तोंडीं आहेत तीं घरांत कोणीं ऐकलेलींसुद्धां नाहींत. हार्वर्ड ठाऊक आहे, प्रिन्स्टन ठाऊक आहे. पण हें विल्यम्स कोठलें, ग्रिनेल कोठलें, आणि स्वार्थमोरला जाऊन आलेलें आपल्या नात्यांत कोण आहे? वडील मंडळी अशा वेळीं एक तर गप्प बसतात, नाहीं तर रागावतात. दोन्हींनीं काम भागत नाहीं.

प्रथम एका गैरसमजाचा निकाल लावला पाहिजे. 'लिबरल आर्ट्‌स' हे शब्द कानीं पडतांच आमच्या परिचयाच्या एका घरीं आजोबांनीं नातीस विचारलें, "अग, गणितांत इतके मार्क असतांना आर्ट्‌सला कां जातेस?" आजोबांचा दोष नाहीं. आपल्याकडे दहावीनंतर तीन वाटा फुटतात, आणि त्यांतली आर्ट्‌सची वाट मागें राहिलेल्यांची, असा एक अन्यायाचा समज आपल्या मध्यम वर्गांत घट्ट बसला आहे. अमेरिकेंतील ह्या कॉलेजांत 'आर्ट्‌स' म्हणजे विद्या. तींत गणित, पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र हीं सारीं येतात. विद्यार्थ्यानें आरंभीं निरनिराळे विषय चाखून पाहावे आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आपला मुख्य विषय जाहीर करावा, अशी तेथील सामान्य रीत आहे. इंटेल कंपनीचे एक संस्थापक रॉबर्ट नॉइस हे आयोवा संस्थानांतील ग्रिनेल कॉलेजाचे १९४९ सालचे पदवीधर. ट्रान्झिस्टरचा शोध नुकताच लागला होता, तोंच तेथील शिक्षकांनीं तो मिळवून विद्यार्थ्यांपुढें ठेवला होता. मक्याच्या शेतांमधलें हें कॉलेज!

हीं कॉलेजें आपणांस अगदींच परकीं आहेत असेंही नाहीं. मॅसॅच्युसेट्‌समधील विल्यम्स कॉलेज १७९३ सालचें. तेथून १८०८ सालीं पदवी घेतलेले गॉर्डन हॉल १८१३ सालीं मुंबईस उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया त्यांनीं घातला. त्यांच्या धर्मप्रसाराविषयीं वाचकांचीं मतें कांहींही असोत, मराठी शाळांच्या इतिहासांतून त्यांस वगळतां येत नाहीं. पुढें पंडिता रमाबाई १८८६ पासून १८८८ पर्यंत अमेरिकेंत राहिल्या, व तेथील लोकस्थितीवरील त्यांचें मराठी पुस्तक १८८९ सालीं निघालें. मेरी लायनबाईंनीं १८३७ सालीं स्थापिलेली माउंट होल्योकची शाळा तोंवर पन्नाशीस आली होती. आज तें मुलींचें नामांकित कॉलेज आहे.

आतां निवडीविषयीं. बहुतेक घरांत एक प्रसिद्ध क्रमवारी पुढें ठेवून वरून दहा नांवें उतरून घेतात. ही रीत आम्हांस मुळींच पसंत नाहीं. ऑरेगॉनमधील रीड कॉलेजानें तर १९९५ सालापासून त्या क्रमवारीस माहिती पुरविण्याचेंच नाकारलें. नंबर पाहण्याऐवजीं आपलें मूल तेथें कशा प्रकारच्या खोलींत बसून शिकणार, हें पाहावें. विल्यम्समध्यें 'ट्यूटोरियल' नांवाचे वर्ग असतात. त्यांत एक प्राध्यापक व दोनच विद्यार्थी. एका आठवड्यास एकानें निबंध लिहावयाचा व दुसऱ्यानें त्याचें परीक्षण करावयाचें, पुढल्या आठवड्यास उलट. स्वार्थमोरमध्यें १९२२ सालापासून ऑनर्सचा क्रम चालू आहे. तेथें परीक्षा घेतात ते बाहेरचे परीक्षक, म्हणून शिक्षक व विद्यार्थी एकाच बाजूला येतात. अ‍ॅमहर्स्टमध्यें पहिल्या वर्षाचा एक चर्चावर्ग व घेतलेल्या मुख्य विषयाच्या अटी एवढें पाळलें, म्हणजे बाकी निवड विद्यार्थ्याची. याच्या उलट अ‍ॅनापोलिसचें सेंट जॉन्स. तेथें १९३७ सालापासून सर्वांनीं ठराविक थोर ग्रंथ वाचावयाचे, निवडीस जवळजवळ जागाच नाहीं.

ह्या चारांत श्रेष्ठ कोणतें, असें आम्हांस विचारूं नये. विचारावयाचें तें आपल्या मुलास. जो मुलगा शेवटच्या बांकावर बसून, कांहीं न बोलतां, परीक्षेच्या आधींच्या महिन्यांत सर्वांच्या पुढें जातो, त्याला बारा जणांच्या वर्गांत लपावयास जागा नसते. कित्येकांचें त्यानें कल्याण होतें, कित्येक मुलें कोमेजतात. आपलें मूल कोणत्या जातीचें, हें क्रमवारी लावणाऱ्यास कळणें शक्य नाहीं. आईला बहुधा कळतें, आणि आत्याला तर निश्चित कळतें.

लहानपणाचे तोटेही आहेत. विल्यम्समध्यें विद्यार्थी सुमारें दोन हजार, स्वार्थमोरमध्यें त्याहूनही कमी. पदव्युत्तर वर्ग अशा ठिकाणीं बहुधा नसतात, म्हणून शिकविणारा खुद्द प्राध्यापक, ही मोठीच जमेची बाजू. परंतु एखाद्या विषयास शिक्षकच तीन असले आणि त्यांतला एक वर्षभर संशोधनाच्या रजेवर गेला, तर हवा असलेला वर्ग त्या वर्षीं उघडत नाहीं. कॉलेजाच्या अभ्यासक्रमाचें पुस्तक आतां घरबसल्या वाचावयास मिळतें. आवडीच्या विषयांतले कोणते वर्ग गेल्या दोन-तीन वर्षांत खरोखर चालले, तें मुलानें स्वतः काढून पाहावें. एवढा कंटाळवाणा उद्योग ज्याला करवत नाहीं, त्याला त्या कॉलेजाची खरी ओढ नाहीं असें आम्ही समजतों.

प्रवेश दुर्घट आहे. अ‍ॅमहर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना ह्या ठिकाणीं शेकडा दहांच्या आंतच अर्जदार घेतले जातात. नववीपासूनचे मार्क, दोन शिक्षकांचीं पत्रें, शाळेच्या सल्लागाराचें पत्र, आणि साडेसहाशें शब्दांच्या आंतला एक निबंध, असा सामान्य सरंजाम असतो. प्रवेशपरीक्षेचा आग्रह पुष्कळांनीं सोडला आहे; बोडन कॉलेजानें तर तो १९६९ सालींच सोडला. घोटाळा होतो तो निबंधांत. मुलगी लिहिते आपल्या गच्चीवरल्या कबुतरांविषयीं. मग निवृत्त प्राध्यापक असलेले काका त्यांत दोन अवतरणें घालतात, मावशी एक समाजसेवा घालते, आणि शेवटीं निबंध साठ वर्षांच्या माणसाचा होऊन बसतो. वडिलांनीं निबंध वाचावा, चुकलेल्या शब्दाखालीं रेघ मारावी, आणि परत द्यावा. शिफारसपत्राचा मसुदा विद्यार्थ्याकडूनच लिहवून घेऊन खालीं सही ठोकण्याची आपल्याकडील कांहीं शिक्षकांची चाल तर सर्वथैव निंद्य होय. विचारावयाचें तें अशा शिक्षकास, ज्यानें मुलाला एकदां तरी अडखळतांना पाहिलें आहे.

आतां पैशाची गोष्ट, जी आपल्या घरांत सर्वांत शेवटीं निघते. अशा कॉलेजांचा एकंदर खर्च सालीना ऐंशीं हजार डॉलरांच्या वर जातो. कॉलेजें कुटुंबाची ऐपत पाहून मदत देतात, आणि ती मोठी असते. परंतु परदेशी विद्यार्थ्यानें मदत मागितली, तर बहुतेक कॉलेजें निवडींत ती गोष्ट विचारांत घेतात. अ‍ॅमहर्स्ट व बोडन यांसारखीं थोडींच घेत नाहींत. शिवाय 'अर्ली डिसिजन' म्हणून एक प्रकार आहे. एकाच कॉलेजास नोव्हेंबरांत अर्ज करावयाचा, डिसेंबरांत निवड झाल्यास बाकीचे अर्ज मागें घेऊन तेथेंच जावयाचें, अशा वचनावर विद्यार्थ्याबरोबर पालकांचीही सही लागते. मदत अपुरी पडली तर त्या वचनांतून सुटका मिळते. पण मदत मागितलीच नसेल तर कशाच्या आधारें सुटणार? मदतीचे फॉर्म आईबाप आणि मुलें एवढ्याच कुटुंबासाठीं आंखलेले असतात. घर आजोबांच्या नांवावर, दुकान थोरल्यांच्या, आणि आजीचें औषधपाणी धाकट्यांकडे, हें त्या चौकटींत बसत नाहीं. विशेष परिस्थिति सांगण्यास वेगळी जागा ठेवलेली असते, तेथें सारें खरेपणानें लिहावें.

वर ज्या आजोबांचा उल्लेख आला, त्यांच्याच घरची हकीकत आहे. तीन भावांचें एकत्र कुटुंब. तीन वर्षांपूर्वीं नातीचा अर्ज भरतांना 'आर्थिक मदत हवी काय?' हा प्रश्न आला. थोरले काका म्हणाले, "आपल्या घरानें कोणापुढें हात पसरलेला नाहीं." पैसे घेऊन सल्ला देणाऱ्या गृहस्थांनींही 'नको' लिहिल्यास संधि वाढते असें सांगितलें, आणि तें खोटें नव्हतें. मुलीची निवड झाली. पेढे वाटले गेले. दोन वर्षें निभावलीं. मग तिच्या वडिलांच्या भोसरीच्या कारखान्याचें काम बसलें. तिनें कॉलेजास विनंती केली, तेव्हां उत्तर आलें कीं, प्रवेशाच्या वेळीं ज्या परदेशी विद्यार्थ्यानें मदत मागितली नाहीं, त्याला ती पुढें मागतां येत नाहीं. असा नियम पुष्कळ ठिकाणीं आहे. अर्जाच्या शेजारींच तो छापलेला होता. वाचला कोणींच नव्हता. मुलगी रजा घेऊन घरीं आली.

यंदां तिच्या चुलतभावाचा अर्ज आहे. गेल्या आठवड्यांत आम्ही सहज त्यांच्याकडे गेलों, तेव्हां सारीं मंडळी माजघरांत होतीं, आणि काका पुतणीस सांगत होते, "तूं वाच. एकही ओळ गाळूं नकोस." तिनें सारें वाचून दाखविलें. मग आजोबा इतकेंच बोलले कीं, त्यांचे वडील पुण्यास सात घरीं वार लावून जेवत आणि शिकत. मंगळवारच्या घरीं ताकभाताखेरीज कांहीं नसे, पण मंगळवार चुकला नाहीं. ही गोष्ट त्या घरांत कोणीं आजवर ऐकलेली नव्हती. काकांनीं चष्मा पुसला आणि मुलाला 'होय' ह्या शब्दापुढें खूण करावयास सांगितली.

मुलगी आपल्या कॉलेजांत परत केव्हां जाईल, हें अद्याप ठरलेलें नाहीं. कर्जाचे कागद बँकेंत दिलेले आहेत.