रांगेची फी

दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये बाह्यरुग्ण विभागाच्या कार्डाला १० रुपये पडत. २०२२ साली तेही माफ झाले. तरी इथली खरी फी रुग्णाला मोजावीच लागते, आणि ती खिडकीवर नव्हे, बाहेरच्या फुटपाथवर.

बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे मेट्रोच्या भुयारी वाटेत, झाडाखाली पथारी पसरून तारखेची वाट पाहतात. धर्मशाळा आहेत, पण त्या पुरणार कशा? डॉक्टर तपासून ‘एमआरआय करून या’ सांगतात आणि एमआरआयची तारीख कधीकधी काही महिन्यांनंतरची मिळते. गावी परतावे तर पुन्हा भाडे, थांबावे तर रोजी बुडते. सोबत आलेली बायको स्टोव्हवर खिचडी शिजवते आणि गळ्यातले किती दिवस पुरेल याचा हिशेब करते. हा खर्च कोणत्याच पावतीवर येत नाही, म्हणून सरकारलाही तो दिसत नाही. जिल्हा रुग्णालयात यंत्र आणि ते चालवणारा माणूस, दोन्ही असते तर यातले कित्येकजण घरीच राहिले असते.

२०१५ पासून घरबसल्या वेळ घेण्याची सोय आहे, तिचा उपयोग जरूर करावा. निघताना जुने रिपोर्ट आणि फिल्म मात्र विसरू नयेत, नाहीतर सगळ्या तपासण्या पुन्हा! कॅन्सरसाठी याच संस्थेचे हरियाणात झज्जरजवळ २०१९ पासून वेगळे रुग्णालय आहे. आणि विदर्भातल्यांनी दिल्लीचे तिकीट काढण्याआधी नागपूरच्या एम्समध्ये चौकशी करावी.