आत्याबाईंची हरकत

गेल्या रविवारी आम्ही खारदांड्याला आत्याबाईंकडे गेलो, तर घरात माळेवरून वाद चाललेला. कॉलेजात जाणाऱ्या नातीने लिंकिंग रोडवरून निळ्या मण्यांची माळ आणली होती. अमेरिकेतल्या आदिवासींची तऱ्हा म्हणून विक्रेत्याने गळ्यात मारलेली. आत्याबाई संतापून म्हणाल्या, "बाबासाहेबांनी गळसरी टाकायला सांगितली, आणि ही परत मणी बांधतेय!"

आत्याबाईंचे खोटे नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी भगिनींना बजावले होते, की गळ्यातल्या गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या वा चांदीच्या गोठ-पाटल्या पाहून लोक तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखतात, त्या टाका. दागिना हवाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका. त्यांचा राग होता तो गळ्यात अडकवलेल्या जातीच्या खुणेवर. मण्याने कोणाचे काय बिघडवले?

मणी तर आपल्याच मातीतला. दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत अकीक तयार होतो. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठणहून भडोच बंदराला असे दगड गाड्या भरभरून जात, अशी नोंद आहे. व्यापाराची नोंद झाली. दगड घासणाऱ्या हातांची कोण करणार?

आता त्या अमेरिकेतल्या माळेचे. न्यू मेक्सिकोतल्या सांतो डोमिंगो गावचे (त्याला केवा असेही म्हणतात) पुएब्लो लोक शिंपल्याचे आणि फिरोजा दगडाचे बारीक मणी करतात. तुकडे कापायचे, भोके पाडायची, ओवायचे आणि अख्खी माळ दगडावर घासून मणी गोल करायचे. शेजारचे नवाहोही या माळा हौसेने घालतात. १९३० नंतरच्या मंदीत त्यांनी बॅटरीच्या डब्यांचे आणि फुटक्या तबकड्यांचे तुकडेसुद्धा माळेत वापरले. ही खूण त्यांची स्वतःची, अभिमानाने मिरवायची. दुसऱ्यांचा माल त्यांच्या नावावर खपवणे १९९० च्या कायद्याने तिकडे गुन्हा आहे.

आम्ही विचारले, "आत्याबाई, ही माळ बघून हिची जात कोणी ओळखेल का?"

आत्याबाईंनी माळ उजेडात धरली. टाचणीने भोकाजवळ खरवडले. आतून पांढरे निघाले.

"किती दिलेस गं?"

"दोनशे."

"रंगवलेला आहे. फसवलं तुला," म्हणाल्या, आणि माळ परत नातीच्या गळ्यात घातली.