शिकार गेली, बंदूक राहिली

ग्वाल्हेरला बंदूक नवी नाही. शिवपुरीचे जंगल हे शिंदे संस्थानचे शिकारीचे रान होते. तिथल्या माधव राष्ट्रीय उद्यानाला २०२५ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार बंद झाली. बंदुका मात्र आपल्या भागातील पुष्कळ घरांत राहिल्या.

जिथे शिकारीला परवानगी आहे, तिथे अपघात का होतात? ११ फेब्रुवारी २००६ रोजी अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी टेक्सासमध्ये लाव्यांच्या शिकारीला गेले होते. उडत्या पक्ष्यामागे बंदूक वळवताना त्यांच्या छऱ्यांनी ७८ वर्षांचे सोबती हॅरी व्हिटिंग्टन जखमी झाले. चेनी नवशिके नव्हते. नेम पक्ष्यावर होता. पलीकडे कोण उभे आहे, याचे भान राहिले नाही.

शिकाऱ्यांचे नियम मोजकेच आहेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी. नळी कोणाकडे रोखू नये. नेम धरेपर्यंत बोट चापाला लावू नये. लक्ष्य आणि त्यापलीकडचे स्पष्ट दिसल्याशिवाय बार काढू नये. मचाणावर चढताना किंवा कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी करावी. न्यूयॉर्क राज्याने १९४९ साली नव्या शिकाऱ्यांना हे शिक्षण सक्तीचे केले. पुढे तिथले अपघात पुष्कळ घटले.

आता आपल्याकडची वरात पाहा. गर्दी, अंधार, नाचणारी माणसे आणि हवेत गोळीबार! एकही नियम पाळला जात नाही. आभाळात सोडलेली गोळी खाली येतेच आणि जीवही घेऊ शकते. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा बेपर्वा गोळीबाराने इतरांच्या जिवाला धोका झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘इथली रीतच आहे, आनंदात विरजण कशाला?’ असे काही जण म्हणतील. पण दारात गोळी लागून कोणी पडले, तर आनंद कुठला उरणार?

म्हणून आम्ही सुचवतो : पालकांनी घरची बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी, काडतुसे वेगळी ठेवावीत आणि लग्नपत्रिकेत ‘गोळीबार करू नये’ अशी विनंती छापावी. विश्वस्त मंडळाने शाळेची जागा कोणत्याही कार्याला देताना हीच अट लेखी घालावी. विद्यार्थ्यांनी बंदुकीला हात लावू नये. वरातीत ती निघाली, तर मोठ्यांना सांगून तिथून दूर जावे. नेमबाजीची आवड असेल, तर प्रशिक्षकाकडे शिकावे. २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवणारे कोल्हापूर जिल्ह्याचे स्वप्नील कुसळे अशाच शिस्तीत घडले आहेत.