अपवादाची मर्यादा

घरातील मुले सोंगट्या-पत्ते सोडून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळू लागली की वडील मंडळी नाके मुरडतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्यात जादूटोणा आहे, हा त्याच्यावरील मुख्य आक्षेप. मला मात्र तो नियमांचा अर्थ लावण्यास शिकविणारा खेळ वाटतो.

गेल्या दिवाळीत आदिलाबादजवळच्या जैनथला आप्तांकडे होतो. तेथे मुलांचा डाव ऐन रंगात मोडला. एका मुलीच्या जादूगाराने 'फायरबॉल', म्हणजे आगीचा गोळा, टाकला. समोरच्या मुलाने 'शील्ड' हा ढालमंत्र म्हटला. ही ढाल 'मॅजिक मिसाइल' हा मंत्रबाण पुरता अडविते, असे पुस्तकात स्पष्ट आहे. मग आग का अडवू नये? पंच त्या मुलाचाच थोरला भाऊ. त्याने ढालीच्या बाजूने कौल दिला. मुलगी फासे ठेवून उठली.

वास्तविक बाजू तिची खरी होती. ढालीने चिलखताचा अंक ५ ने वाढतो. हल्ला करणाऱ्याला २० बाजूंचा फासा टाकून तो अंक गाठावा लागतो, तेथेच त्याचा उपयोग. मंत्रबाण फाशावाचून लागतो, म्हणून त्याच्यापुरता वेगळा अपवाद लिहावा लागला. आगीच्या बाबतीत फासा टाकतो तो सापडलेला मनुष्य. चपळाई साधली तर इजा निम्मी. तेथे चिलखताचा संबंध नाही, आणि ढालमंत्रात आगीचे नावही नाही.

आमचे वडील दरबारी गवई. ललत शिकविताना ते हेच बजावीत. एकाच स्वराची दोन रूपे लागोपाठ घेऊ नयेत, हा सर्वसाधारण नियम. ललतात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात, हा अपवाद. त्या आधारावर कोणी मारव्यात शुद्ध मध्यम लावला, की वडील तंबोरा खाली ठेवीत. वैयाकरणांनीही उत्सर्ग आणि अपवाद असा भेद केला आहे. अपवाद नियमाला बाजूला सारतो, पण आपल्या शब्दांपुरताच.

खेळात अखेरचा शब्द पंचाचा असतो, हे खरे. आपल्या जुन्या घरांतही तो वडीलधाऱ्यांचा असतो. तथापि तो आपल्या माणसासाठी वाकविला, की उरलेल्यांना डावात बसण्याचे कारण राहत नाही. तेव्हा मुलांच्या जादूला हसण्यापेक्षा त्यांच्या पंचाला एवढेच विचारावे: भाऊ दुसऱ्या बाजूला असता, तर हाच कौल दिला असतास काय?